मेमरी दोन

ताकद घरात होती.
सावर्ड्याचं थिएटर बंद पडलं तेव्हा
भंगाराच्या भावात आणलेले दोन पॉवर ॲम्प,
एकेक उचलायला दोन माणसं,
दिवाणाखाली सहा वर्षं धूळ खात.
नव्हतं ते डोकं.
कुणाला किती बोलू द्यायचं
एवढंच ठरवणारी मधली पेटी.

पतसंस्थेतली ठेव सुटली, पंचेचाळीस हजार.
पाच इन्व्हर्टरच्या बॅटरीनं खाल्ले.
मडगावचा दुकानदार म्हणाला, पात्रांव,
चाळिसात प्रोसेसर येत नाही, त्याचं मॅन्युअल येतं.
आणि नवाकोरा रिसीव्हर पुढे सरकवला,
सगळं एकातच, वर हप्त्याची सोय.
मी उचलून पाहिला.
खारीनं पोखरलेल्या नारळासारखा
हलका लागला हाताला.

मग चिंचणीचा आल्सिनो.
स्विंडनला निघालेला, बायको-पोरं आधीच तिकडे,
भिंतींवर कपाटांचे फिकट चौकोन तेवढे उरलेले.
दहा वर्षं जुना आहे, म्हणाला. लपवलं नाही.
"हातूंतल्यान फोर-के वचना."
चित्र सरळ टीव्हीला दे, आवाज ह्याला.
झाकण काढलं तर ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला
पालीच्या अंड्यांची दोन टरफलं.
"हीं फुकट," आल्सिनो म्हणाला.

मी घरून सीडी नेली होती:
आमच्या जत्रेतलं नाटक, मीच भरलेलं,
तेवीस वर्षांत शंभरदा ऐकलेलं.
डायरेक्टवर टाकली.
ऑर्गनचा भाता आधी श्वास घेतो, मग सूर येतो.
आणि विंगेतला प्रॉम्प्टर,
त्याला त्या रात्री सर्दी झाली होती
हे मला आत्ता कळलं.

तरी हात आखडता घेतलाच.
बिघडला तर न्यायचा कुठं?
पणजीत एक जण होता, तोही दोहाला गेला.
रात्री वहीत दोन रकाने आखले,
एकात वॉरंटी, एकात ती सर्दी.
कुमुद भाजी निवडता निवडता म्हणाली,
ह्या सगळ्यातून माणसांचं बोलणं ऐकू येणार का,
तेवढं विचारा.
लहानपणी गालगुंड झालं, तेव्हापासून
तिचा डावा कान नुसता दागिन्यापुरता.
तेवढंच मी कुणाला विचारलं नव्हतं.

फोन केला. आल्सिनो झेरॉक्सच्या रांगेत होता.
मेमरी दोन आहेत, म्हणाला,
बसायच्या जागा दोन, तर अंतरंही दोनदा भरायची.
पहिली माझी, पूस खुशाल.
दुसरी मायची आहे.
एकदा ऐक, मग काय ते कर.

बत्तीस हजार, आणि बसनं येताना
मांडीवर ठेवल्याची मुंग्या आलेली मांडी.
दुसरी मेमरी उघडली.
मधला स्पीकर सहा डेसिबल वर.
डावा-उजवा खाली. वूफर बंदच.
मधल्याचं अंतर: साडेतीन फूट.
म्हणजे म्हातारी पडद्याला
जवळजवळ नाक लावून बसत असणार,
आणि पोरगा मागे कुठेतरी,
हातात रिमोट, तिला एकेक वाक्य विचारत,
आता येतं? आता?

कुमुदला जुना एक सिनेमा लावून दिला.
मध्यंतराच्या जरा आधी म्हणाली,
हा वाक्य संपवताना "बरं का" म्हणतो.
पाचव्यांदा बघतेय, आज ऐकलं.

टेप लावून मोजलं,
तिच्या खुर्चीपासून साडेसात फूट भरतात.
आकडा बदलायला हवा. दोन बटणांचं काम.
अजून बदललेला नाही.
सिनेमा लागला की ती खुर्ची
चार फूट पुढे ओढून घेते, मी काही न सांगता.
फरशीवर पायांचे ओरखडे पडलेत.

डावीकडून बारीक हम येतो.
अर्थिंगचं काम राहिलंय,
वायरमन चतुर्थीनंतर म्हणतोय.
तिला तो ऐकू येत नाही.
मला येतो.